मॉडेल कार रंगवताना आधी थिनर बघा, छटा मागाहून

१/२४ मापाच्या गाडीचं किट उघडलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "हिचा लाल कुठला घ्यायचा?" माझ्या हिशेबात हा प्रश्न पाचव्या नंबरचा. त्याआधी चार गोष्टी ठरवायच्या असतात. खाली प्लॅस्टिक कुठलं, त्यावर प्रायमर (रंगाखालचं अस्तर) कुठला, रंग कुठल्या थिनरमध्ये विरघळतो, आणि सगळ्यात वर चकाकीसाठी काय बसणार. या चौघांचं जमलं की लाल कुठलाही घ्या, गाडी शोभून दिसते. नाही जमलं तर थेट फेरारीच्या गावाहून, मारानेल्लोहून रंग मागवलात तरी बॉनेटवर सुरकुत्या येणार.

माझी नोकरी चिंचवडजवळच्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली. त्यामुळे बोलण्यात थोडी सुपरवायझरी येते, सांभाळून घ्या. पण तिथलं शिक्षण इथे निम्मंच कामाला येतं. ते का, हे आधी सांगतो, कारण रंगाची निवड तिथूनच सुरू होते.

खऱ्या गाडीच्या पत्र्यावर आधी विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर असतो, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर ३०-३५ मायक्रॉन प्रायमर, १५ च्या आसपास रंगाचा बेस कोट आणि वर ४० मायक्रॉन क्लियर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या थोडं वर. झेरॉक्सचा कागद साधारण एवढाच जाड असतो. आता हाच थर तुम्ही १/२४ च्या बॉडीवर दिलात, तर मापाने तो खऱ्या गाडीवर सुमारे अडीच मिलिमीटरचा झाला. खऱ्या गाडीच्या दाराभोवतीची फट चार मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर होते. किट बनवणारे फटी मुद्दाम थोड्या रुंद कोरतात, तरीही जाड रंगाचे दोन हात मारले की त्या बुजायला वेळ लागत नाही. दरवाजा आहे की नुसती रेघ, तेच कळेनासं होतं.

मेटॅलिक रंगात तर हे गणित डोळ्याला टोचतं. खऱ्या गाडीच्या चंदेरी रंगातले ॲल्युमिनियमचे कण १० ते ३० मायक्रॉनचे असतात. त्याला २४ ने गुणा: पाव ते पाऊण मिलिमीटर. एवढ्या मोठ्या चकमक्या अंगावर असलेली गाडी रस्त्यावर कधी बघितली आहे? म्हणून नाना पेठेतल्या दुकानातून आपल्या खऱ्या गाडीच्या कोडचा टच-अप स्प्रे आणून मॉडेलवर मारायची कल्पना कितीही स्वस्त आणि सोयीची वाटली, तरी मेटॅलिकच्या बाबतीत ती सोडून द्या. सॉलिड रंगात एकवेळ चालेल, पण तिथे थिनरचा प्रश्न आहे. त्यावर पुढे येतो.

मॉडेलसाठी बनवलेल्या रंगात रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं आणि पातळ थरात झाकण्याची ताकद जास्त असते. महाग का, याचं उत्तर बरंचसं तेवढंच.

दुसरा फरक भट्टीचा. कारखान्यात पहिला गंजरोधक थर १७०-१८० अंशांना भाजतात, वरचा रंग १४० च्या आसपास. किटचं पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. तेव्हा मॉडेलचा रंग आपल्या खोलीतल्या हवेत, आपला आपण वाळला पाहिजे. तो कसा वाळतो यावरून त्याची जात ठरते आणि जात ठरली की कुणावर कोण बसेल ते ठरतं.

तीन जाती

लॅकर नुसता द्रावक उडून वाळतो. जोरकस, वासाचा, झटपट. टामिया या जपानी कंपनीचे टीएस स्प्रे, त्यांच्या एलपी बाटल्या, मिस्टर कलर, झिरो पेंट्स, ग्रॅव्हिटी कलर्स हे सगळे या घरातले. वाळलेल्या लॅकरवर पुन्हा लॅकर मारला की खालचा थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. गाडीच्या बॉडीला हाच गुण हवा असतो. पातळ बसतो, कडक होतो, घासता येतो, पॉलिश घेतो. माझं मत विचाराल तर बॉडीला लॅकरच. त्याला पर्याय आहेत, पण तडजोड म्हणून.

ॲक्रिलिक म्हणून जे विकलं जातं त्यात दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत आणि नवखे इथेच फसतात. टामियाच्या एक्स आणि एक्सएफ बाटल्या अल्कोहोलच्या कुळातल्या. त्या एक्स-२०ए थिनरमध्ये, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, इतकंच काय लॅकर थिनरमध्येही छान मिसळतात. व्हॅयेहो हा स्पॅनिश रंग मात्र खराखुरा पाण्यातला. त्यात अल्कोहोलवालं थिनर घातलंत तर कपातच दह्यासारख्या गाठी होतात आणि एअरब्रशची, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्राची, सुई अडकते. व्हॅयेहोला त्यांचंच थिनर द्या. सीट, डॅशबोर्ड, ड्रायव्हरचा पुतळा यांना ब्रशने रंगवायला हा फार गुणी रंग, वासही नाही. पण वाळल्यावर त्याची रबरासारखी पातळ साय होते. सँडपेपर मारायला गेलात की घासला न जाता सोलून निघतो. बॉडीच्या चकचकीत कामाला तो मी वापरत नाही.

तिसरा इनॅमल. हंब्रोलच्या छोट्या डब्या बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिल्या असतील. हा हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो, त्यामुळे दिवसेंदिवस ओला राहतो. पण सावकाश वाळतो म्हणूनच ब्रशच्या रेघा आपोआप बसून जातात. आज त्याचा माझ्याकडे एकच मोठा उपयोग आहे: दारांच्या फटींमध्ये काळा किंवा गडद तपकिरी उतरवणं. टामियाचा पॅनल लाइन ॲक्सेंट कलर हा पातळ केलेला इनॅमलच. फटीला टोक लावलं की आपोआप धावतो, सांडलेला इनॅमलच्या थिनरने पुसून घ्यायचा. खाली लॅकर असेल तर त्याला काही होत नाही. फक्त हे थिनर उघड्या, ताण पडलेल्या प्लॅस्टिकवर साचू देऊ नका. सस्पेन्शनचे बारीक भाग त्याने ठिसूळ होऊन तडकतात.

आता नियम. जोरकस थिनरवाला खाली, सौम्य वर. लॅकरवर ॲक्रिलिक चालतो, लॅकरवर इनॅमल चालतो. इनॅमलवर लॅकर कधीच नाही. खालचा थर फुगतो, उचलला जातो आणि त्याची चुणीदार कातडी होते. ॲक्रिलिकवर लॅकर मारायचाच झाला तर अगदी कोरडे, धुक्यासारखे हात देऊन, आणि तोही जिवावर उदार होऊन. प्रायमर, रंग, क्लियर हे तिन्ही शक्यतो एकाच घराण्याचे घ्या. ब्रँड वेगळे असले तरी हरकत नाही, घराणं एक हवं.

टामियाचेच पीएस नावाचे स्प्रे मिळतात, त्यांचं झाकण आणि छटा बघून हात पुढे जातो. ते रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत, आतल्या बाजूने मारायचे. स्टायरिनच्या किटला ते लावायचे नाहीत. दुकानदार "सेम आहे" म्हणाला तरी नाही.

प्रायमर: हवा का, आणि कुठल्या रंगाचा

खऱ्या गाडीत प्रायमर नसेल तर रंग पत्र्याला धरत नाही. स्टायरिनच्या किटचं तसं नाही. टीएस स्प्रे प्लॅस्टिकला स्वतःच थोडा चावतो आणि घट्ट बसतो. मग प्रायमर कशाला? तीन कारणांसाठी: घासल्याचे ओरखडे आणि साच्याच्या रेघा दिसाव्यात म्हणून, खालचा रंग सगळीकडे एकसारखा व्हावा म्हणून, आणि प्लॅस्टिकमधला रंग वर येऊ नये म्हणून. यातलं एकही कारण तुमच्या किटला लागू नसेल, उदाहरणार्थ पांढऱ्या स्वच्छ प्लॅस्टिकची बॉडी पांढरीच रंगवायची आहे, तर प्रायमर वगळलात तरी मी नाव ठेवणार नाही. एक थर वाचला, फटी उघड्या राहिल्या. रेझिनचे भाग, धातूच्या कोरीव जाळ्या, आणि रंग काढून पुन्हा रंगवायच्या डाय-कास्ट (धातूच्या ओतीव) गाड्या यांना मात्र प्रायमरशिवाय रंग लावू नका. धातूला तर त्याचा वेगळा मेटल प्रायमर येतो, तोच घ्या, नाहीतर नखाने पोपडे निघतात.

मिस्टर सरफेसर या प्रायमरच्या डब्यांवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा मोठा तितका कण बारीक. ५०० हा जवळपास पातळ लांबीच. खड्डा किंवा सांधा भरायला ब्रशने लावावा, सगळ्या बॉडीवर मारू नये. लांबी भरून घासलेल्या जागी १००० ठीक. चकचकीत बॉडीला मी सरळ १५०० घेतो. टामियाचा फाइन सरफेस प्रायमरही त्याच तोडीचा आणि कॅनमधून मारायला अधिक सोपा.

प्रायमरचा रंग हा वरच्या रंगाचा अर्धा निर्णय असतो. मॉडेलचा रंग पातळ बसवायचा असतो, म्हणून खालचं थोडं वर दिसतंच. लाल, पिवळा, केशरी यांच्यात झाकण्याची ताकद कमी. राखाडी प्रायमरवर लाल मारला तर तो मळकट दिसतो आणि उजळावा म्हणून आपण हातावर हात मारत जातो. पांढऱ्यावर तोच लाल उजळ होतो. टामियाच्या गुलाबी प्रायमरवर तो खोल आणि उबदार येतो, शिवाय दोन हातांत झाकतो. टीएस-८ इटालियन रेड हा मुळातच किंचित केशरीकडे झुकलेला आहे. खाली पांढरा असेल तर जास्त केशरी वाटतो, गुलाबी असेल तर आवरतो. माझी पसंती गुलाबी. पिवळ्याला पांढराच. निळा, हिरवा, काळा यांना राखाडी पुरे. क्रोमसारख्या चंदेरीला खाली चकचकीत काळा लागतो, तिथे प्रायमर कितीही चांगला असो, वरचा काळा आरशासारखा नसेल तर क्रोम राखाडीच दिसणार.

लाल प्लॅस्टिकचं प्रकरण वेगळं. फेरारीची पुष्कळ किट लाल प्लॅस्टिकमध्येच ओतलेली येतात. ती लालच रंगवणार असाल तर सोयीचंच. पण तीच गाडी पिवळी किंवा पांढरी करायची ठरवलीत, तर लॅकरचा द्रावक प्लॅस्टिकमधला लाल रंग ओढून वर आणतो आणि आठवड्याभरात पिवळ्यावर गुलाबी झाक चढते. नुसत्या पांढऱ्या प्रायमरने हे थांबेलच असं नाही. मध्ये चंदेरीचा एक पातळ, सलग थर द्या. त्यातली ॲल्युमिनियमची पानं एकमेकांवर आडवी बसतात आणि खालच्या रंगाची वाट अडवतात. त्यावर पांढरा प्रायमर, मग पिवळा.

फेरारीचा विषय निघालाच आहे तर एफ४०. १९८७ साली आलेली ही गाडी वजन वाचवायच्या हट्टापायी इतकी पातळ रंगवलेली असायची, की खऱ्या गाडीवर उजेड तिरका पडला की लालच्या खालून पॅनलमधल्या धाग्यांची वीण दिसते. पेंट शॉपच्या नजरेने हा नापास माल! पण हीच गाडी १/२४ मध्ये करताना गुळगुळीत काचेसारखा जाड क्लियर चढवणारे लोक बघितले की मला गंमत वाटते. एफ४० ला प्रायमरचा एक हात, लालचे दोन, आणि वर हलकं पॉलिश. क्लियर मी देतच नाही.

बाजारातली लांबी आणि एनसी थिनर

आपल्याकडे ही गोष्ट सांगावीच लागते. गॅरेजला लागणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी, एनसी सरफेसर, त्याचं थिनर हे पाच मिनिटांवरच्या दुकानात, मॉडेलच्या मालाच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं. ते पत्र्यासाठी आहे. त्यातले द्रावक स्टायरिनला खातात: पृष्ठभाग मऊ पडतो, कोरीव रेघा गोल होतात, कधी बारीक जाळीसारख्या भेगा येतात. एअरब्रश धुवायला हे थिनर उत्तम आणि त्यासाठी मी ते लिटरच्या डब्यात आणतोच. रंगात मिसळायला नाही.

तरी कोणाला टच-अप स्प्रे वापरायचाच असेल तर आधी त्याच किटच्या स्प्रूवर, म्हणजे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्यावर मारून रात्रभर ठेवा. पूर्वी आम्ही डिस्पोजेबल चमच्यांवर रंग तपासायचो. त्यांचा फुगीर आकार अगदी मडगार्डसारखा आणि प्लॅस्टिकही बहुतेकदा स्टायरिनच. राज्यात २०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली आणि आता हातात लाकडी चमचे येतात. पर्यावरणाचं भलं झालं, आमची सोय गेली. हल्ली मी वाया गेलेल्या किटची बॉनेटं जपून ठेवतो. चपटा स्प्रू चिकटपणा सांगतो, पण रंग वळणावर कसा पसरतो ते बॉनेटच सांगतं.

कॅन की एअरब्रश

पहिली गाडी असेल तर कॅन. यात कमीपणा काही नाही. टीएसचा कॅन १०० मिलीचा, त्याचं नोझल बारीक आणि फवारा मऊ आहे. एका छोट्या बॉडीला एक कॅन पुरून उरतो. वीस सेंटिमीटरवरून, बॉडीच्या बाहेर फवारा सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. पहिले दोन हात इतके हलके की खालचा प्रायमर ठिपक्याठिपक्यांनी दिसत राहतो. दहा-पंधरा मिनिटांनी तिसरा हात ओला, म्हणजे मारता मारता पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब बसताना दिसलं पाहिजे. कडांना आणि मडगार्डच्या कंगोऱ्यांना रंग मागे सरतो, तिथे पहिल्या हलक्या हातांतच नीट झाकून घ्या. परदेशी व्हिडिओंमध्ये कॅन कोमट पाण्यात ठेवायला सांगतात. ते थंडीच्या देशांसाठी. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात ठेवा हवं तर, हाताला सोसेल इतक्याच पाण्यात. एप्रिल-मे महिन्यात कॅन आधीच गरम असतो, त्याला आणखी तापवू नका.

एअरब्रश घेतल्यावर मिश्रण आपल्या हातात येतं आणि थर निम्मा होतो. लॅकरला रंगाइतकंच थिनर इथून सुरुवात करा, चकाकीच्या शेवटच्या हाताला दुप्पटीपर्यंत जा. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३ मिलिमीटर, क्लियरला ०.५ असेल तर बरं. कॅनमधला रंग बाटलीत काढून एअरब्रशने मारता येतो, पण त्यात विरघळलेला गॅस पूर्ण निघेपर्यंत बाटली सैल झाकणाने काही तास ठेवा. नाहीतर रंग कपातून उकळून बाहेर येतो.

जपानहून किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाला "येताना दोन कॅन टाक बॅगेत" असं सांगू नका. ज्वलनशील रंगाचे स्प्रे आणि लॅकरच्या बाटल्या विमानाच्या सामानात चालत नाहीत. इथल्या हॉबी दुकानांत येईल तेव्हा घ्यायचं, आणि प्रायमर, रंग, क्लियर एकदमच घ्यायचं. अर्धी गाडी रंगवून झाल्यावर त्याच छटेचा दुसरा कॅन तीन महिने न मिळणं हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव.

हवा

पावसाळ्यात चकचकीत लॅकर मारू नये, एवढंच खरं तर सांगायचं आहे. पण लोक ऐकत नाहीत, म्हणून कारण सांगतो. द्रावक झपाट्याने उडतो तेव्हा बॉडीचा पृष्ठभाग थंड पडतो. हवेत दमटपणा असेल तर त्यावर बाष्प धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. काळ्या गाडीवर दुधाळ धुकं दिसतं, त्यालाच ब्लशिंग म्हणतात. जुलैत ठाण्या-मुंबईत हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, पुण्यातही फार बरं नसतं. खोलीत एक स्वस्तातला आर्द्रतामापक लावा. माझी मर्यादा ६५ टक्के. त्याच्या वर प्रायमर आणि मॅट रंग चालतो, चकाकीचं काम थांबवायचं.

थांबणं शक्य नसेल तर थिनर बदला. मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर किंवा टामियाचं रिटार्डरवालं लॅकर थिनर घ्या. यांत सावकाश उडणारा द्रावक असतो, त्यामुळे पृष्ठभाग एकदम थंड पडत नाही आणि रंगाला सपाट बसायला वेळ मिळतो. हलकं ब्लशिंग आलंच तर कोरड्या दिवशी याच थिनरचा नुसता एक धुक्यासारखा हात फिरवला की बहुतेक वेळा निघून जातं.

मे महिन्यात उलटा त्रास. रंग हवेतच वाळतो आणि बॉडीवर पिठासारखा खरखरीत पडतो. उपाय तोच, सावकाश थिनर. शिवाय जवळून मारा आणि सकाळी लवकर मारा. वाळायला म्हणून बॉडी गच्चीवर उन्हात ठेवायची नाही. झाकून बंद डब्यात ठेवली तर आत ऊन कोंडून छत वाकतं.

वासाचं आणि आगीचंही इथेच सांगतो. कागदी मास्क लॅकरच्या वाफेला काहीच अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. गॅलरीत मारत असाल तर स्वयंपाकघरातला गॅस, बाथरूममधला गॅस गीझर आणि देवघरातलं निरंजन, तिन्ही विझलेली आहेत ना ते बघून मगच कॅन हलवा.

क्लियर आणि पॉलिश

सॉलिड रंग टीएस किंवा मिस्टर कलरचा असेल तर तो स्वतःच पॉलिश घेतो, क्लियर लागतंच असं नाही. मेटॅलिकला मात्र हवंच, कारण उघड्या मेटॅलिकवर पेपर मारला की कण उघडे पडून डाग दिसतात. झिरो पेंट्ससारखे बेस कोट तर मॅटच वाळतात, त्यांची सगळी चमक क्लियरची.

टीएस-१३ हे कॅनमधलं सगळ्यांत सोपं क्लियर. धोका एकच: डेकलवर (किटबरोबर येणाऱ्या छापील चिकटचित्रावर) पहिलाच हात ओला दिलात तर ती आक्रसते. दोन-तीन कोरडे हात देऊन तिच्यावर कवच तयार करा, मग ओला. एअरब्रश असेल तर मिस्टर कलरचं जीएक्स-१०० लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून मारा. मला यापेक्षा चांगलं काही मिळालेलं नाही. गॅरेजमधलं हार्डनर घालायचं दोन भागांचं क्लियर काचेसारखं दिसतं हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. कारखान्यात आम्ही त्याला बाहेरून हवा पुरवणारे मास्क वापरायचो. फ्लॅटच्या गॅलरीत ते मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय १/२४ वर ते जाडच दिसतं, गाडी पाकात बुडवल्यासारखी.

पॉलिशची घाई नको. बॉडी नाकाजवळ धरा. वास येतोय तोवर द्रावक निघतोय, म्हणजे रंग अजून आक्रसणार. वास पूर्ण गेला की २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात, मग ३०००, मग कंपाउंड. टामियाची कोर्स, फाइन आणि फिनिश अशी तीन येतात. रंग नीट बसला असेल तर कोर्सची गरज पडत नाही. कंगोऱ्यांवर आधी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा. तिथे थर सगळ्यांत पातळ असतो आणि एका फटक्यात प्रायमर दिसतो.

दुरंगी गाडीत फिकट रंग आधी. मुंबईची काळी-पिवळी करायची असेल तर पांढऱ्या प्रायमरवर छताला टीएस-४७ क्रोम यलो, तो पुरता वाळल्यावर छत झाकून बाकी टीएस-१४ काळा. उलटं केलंत तर काळ्यावर पिवळा झाकता झाकता छताची कड जाड होईल. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पिवळ्याचाच एक हलका हात फिरवा, म्हणजे काळा टेपखाली शिरणार नाही.

बाकीच्या गाडीला फार विचार लागत नाही. टायरला एक्सएफ-८५ रबर ब्लॅक, काचेच्या रबरी पट्ट्यांना अर्धचकाकीचा एक्स-१८, मागच्या दिव्यांना आतून एक्स-२७ पारदर्शक लाल. किटमधले क्रोमचे भाग खेळण्यासारखे वाटत असतील तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये ठेवा, मुलामा उतरतो, मग हवा तो चंदेरी द्या. काचेच्या भागाला लॅकर शक्यतो लागूच देऊ नका.

लाल फेरारीसाठी पहिली खरेदी सांगायची तर ही: टामियाचा गुलाबी प्रायमर, टीएस-८, हवं असल्यास टीएस-१३, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, फाइन आणि फिनिश कंपाउंड, चांगली मास्किंग टेप. रंगाआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल जायला हवं, आणि त्यानंतर तिला उघड्या बोटांनी शिवू नका. बिघडलीच तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. बहुतेक लॅकर आणि ॲक्रिलिक जुन्या टूथब्रशने निघून येतात आणि प्लॅस्टिक शाबूत राहतं.

काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नोझल मोकळं राहतं. मळलेलं थिनर बेसिनमध्ये ओतू नका. काचेच्या बरणीत झाकून ठेवा. आठवड्याभरात रंग तळाशी बसतो आणि वरचं निवळ थिनर एअरब्रश धुवायला पुन्हा वापरता येतं.